आहारतज्ज्ञाची उमेदवारी



कामगार चळवळीतला माणूस या व्यासपीठावर उभा राहिला की बोनस आणि महागाई भत्ता यांवर काही ऐकावयास मिळणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही बोलणार आहोत ते रुग्णालयात आहारतज्ज्ञ होऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या शिक्षणाविषयी. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि मागावर झाले. तेव्हा शास्त्रात चुकलो तर समोर डॉक्टर मंडळी आहेत, त्यांनी खुशाल कान धरावा. पण उमेदवारी म्हणजे काय, हे मात्र आम्हांस कोणी शिकवावयास नको.

यंत्रमागावर लागलो तेव्हा पहिले काही महिने आम्ही नुसत्या कांड्या भरल्या. मग तुटलेला धागा सांधावयाचा. पुढे माग हाती आला तरी शेजारचा जुना कारागीर अर्धा कान आमच्या मागाकडे ठेवून असे. आवाज बदलला की तो आमच्याआधी हात वर करी. चूक झालीच तर काय, एक टॉवेल वाया जाई. रुग्णाच्या ताटाचे तसे नाही.

आमच्या एका सभासदाची गोष्ट सांगतो. माणूस रातपाळीचा, मधुमेह जडलेला. एका रुग्णालयातून घरी सोडताना त्याला आहाराचा कागद मिळाला : सकाळी आठला इन्सुलिन, मग न्याहारी; दुपारी एकला जेवण. कागदात शास्त्राची चूक नव्हती. पण हा गृहस्थ सकाळी साडेसातला कामावरून येई. त्याने आल्याबरोबर सुई टोचून घेतली आणि न्याहारी होईपर्यंत जरा पडावे म्हणून आडवा झाला. तासाभराने बायको उठवू लागली, तो अंग घामाने भिजलेले आणि शुद्ध नाही. रक्तातली साखर उतरली होती. शेजाऱ्यांनी रिक्षात घातला म्हणून वाचला.

आम्ही तावातावाने जाब विचारावयास गेलो. समोर आली ती बावीस-तेवीस वर्षांची शिकाऊ मुलगी. तिचा रुग्णालयातला दुसरा आठवडा. तिच्यावर देखरेख करावयाची त्या बाई एकट्या, त्यांच्याकडे सारे वॉर्ड, शिवाय स्वयंपाकघराचा हिशेब. कागद त्यांनी पाहिलाच नव्हता. मुलगी म्हणाली, “काका, ते कामाला कधी जातात हे विचारायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नाही.” आम्ही भांडावयास गेलो होतो, ते तिथेच थंड झालो. आईचा धंदा विचारला. आई विड्या वळते. हजार विड्यांमागे मजुरी. आणि मुलीला या कामाचा एक पैसा नाही, उलट बसभाडे घरचे.

आता थोडे बाहेरचे. आपल्या शहरात वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९६३ साली. त्याच वर्षी डॉ. सी. गोपालन यांच्या पुढाकाराने भारतीय आहारतज्ज्ञांची संघटना उभी राहिली. तिच्या नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेस बसावयाचे तर पदव्युत्तर शिक्षणाबरोबर सहा महिने रुग्णालयात काम केलेले असावे लागते. अमेरिकेत अशी संघटना १९१७ सालीच क्लीव्हलंड येथे स्थापन झाली, आणि आज तिथे देखरेखीखाली किमान एक हजार तास काम करावे लागते. पुष्कळांना तेही विनावेतन, वर शुल्क भरून. म्हणजे हे दुखणे केवळ आपले नव्हे. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने आहारतज्ज्ञास आरोग्यसेवेतील व्यावसायिक म्हणून मान्यता दिली, हे चांगलेच झाले.

पण सहा महिने म्हणजे केवळ हजेरीपटावरच्या सह्या नव्हेत. पहाटे स्वयंपाकघरात उभे राहून कच्चा तांदूळ किती आणि शिजल्यावर किती, हे वजन करून पाहावयाचे. कोणाचे बिनमिठाचे, कोणाचे नळीतून द्यावयाचे, हे वेगळे काढावयाचे. सर्वांत मोठा धडा आमच्या मते परत आलेल्या ताटात असतो. ताटात काय उरले आणि का उरले, हे वाढणाऱ्या कामगारास ठाऊक असते. पण त्यास विचारतो कोण? आणि शिकाऊने लिहिलेला प्रत्येक कागद रुग्णाच्या हाती पडण्याआधी जाणत्याच्या नजरेखालून गेलाच पाहिजे.

त्यात आपले सोलापूर! येथे एकाच वॉर्डात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे रुग्ण असतात. मूत्रपिंडाच्या रुग्णास पोटॅशियम आणि फॉस्फरस जपावयास सांगितले तर तो मान डोलावतो आणि घरी जाऊन कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी खातो. दाण्यांत ही दोन्ही द्रव्ये भरपूर, चटणीत मीठही. ‘शेंगाचटणी’ हा शब्द उच्चारला असता तरच त्याला कळले असते. विडी वळणारी बाई जेवणावर लगेच चहा घेते. त्या चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. आधीच तिचे रक्त कमी. चहा तास-दोन तास पुढे ढकल आणि भाजीवर लिंबू पीळ, एवढे सांगावयास औषधाची चिठ्ठी लागत नाही. पण ती चहा केव्हा पिते हे आधी माहीत हवे. विडी घरकुलातल्या मुलीला हे माहीत असते. नेमकी तीच सहा महिने बिनपगारी राहू शकत नाही, आणि मधेच सोडून जाते.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यातल्या उमेदवारास विद्यावेतन मिळते. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षी सरकारी रुग्णालयात राबणाऱ्या मुलांनाही मिळते, आणि ते त्यांनी भांडून वाढवून घेतलेले आहे. मग ताट ठरविणाऱ्या मुलीनेच का फुकट राबावे? काही जण म्हणतील, ती शिकते आहे, काम कुठे करते? तसे असेल तर ती नसताना वॉर्डातले कागद कोण लिहितो, एवढे त्यांनी जाऊन पाहावे.

आम्ही दोन मागण्यांचा मसुदा केला आहे : शिकाऊ आहारतज्ज्ञांना विद्यावेतन, आणि देखरेख करणाऱ्यावर त्यास झेपतील एवढेच शिकाऊ. शिवाय युनियनतर्फे आमचे सांगणे आहे की प्रत्येक शिकाऊने एक रात्र यंत्रमागावर आणि एक दुपार विड्या वळणाऱ्या घरात काढावी. चहाचा खर्च आमचा. त्या मुलीने रुग्णालयाकडे वाट न पाहता आपल्या कागदावर वरच्या बाजूस एक ओळ हाताने वाढविली आहे : ‘कामाची वेळ’.

मसुदा बाहेर टेबलावर ठेवला आहे. वाचून पटेल त्यांनी सही करावी, पटणार नाही त्यांनी आमच्याशी भांडावे. टेबलावर दोन पेने आहेत. तेवढी मात्र जाताना नेऊ नका.