उलटी झोळी

श्रोतेहो, कपाशीच्या धुऱ्यावर, लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून लेकरू निजवलेले आपण पाहिले असेल. कापडाला फक्त ओढ सोसते, म्हणून ते ओढीला सोयीचा आकार आपणहून घेते. 1675 साली इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने सांगितले, की लोंबती साखळी उलटी केली तर ओढीच्या जागी दाब येतो आणि कमान उभी राहते. दगड आणि काँक्रीट दाबालाच पक्के. आपल्याकडे जी. एस. रामस्वामी यांनी चौकटीत गोणपाट सैल बांधून, त्यावर काँक्रीट ओतून, घट्ट झाल्यावर ते उलटवून छताची पातळ कवचे घडवली. उलटी झोळीच ती!

मी बी. ए. झालेला कवी, गणिताशी माझे वाकडे. पण आमच्या गावच्या मशिदीच्या काँक्रीटच्या घुमटाला काठापासून वर चढणाऱ्या उभ्या भेगा पडल्या, तेव्हा हे समजून घ्यावे लागले. सगळ्यांचे मत, घुमट पातळ पडला, वरून आणखी थर द्या. वर्गणीही जमली. चिखलीहून आलेला तरुण इंजिनिअर म्हणाला, “चाचा, थराने ओझे वाढेल, भेग थांबणार नाही.”

त्याचा हिशेब साधा होता. घुमट पहिल्यापासूनच दुप्पट जाड केला, तरी वजनही दुप्पट होते. दर चौरस सेंटिमीटरला येणारा भार तेवढाच राहतो. विजापूरच्या गोल घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर, जाडी सुमारे 3 मीटर. जर्मनीत येना इथल्या तारांगणाचा 1926 सालचा काँक्रीटचा घुमट 25 मीटरचा, जाडी फक्त 6 सेंटिमीटर. आकाराच्या मानाने अंड्याच्या कवचाहूनही पातळ!

मग आमचा का तडकला? अर्धगोल घुमट म्हणजे हुबेहूब उलटी झोळी नव्हे. शिखरापासून सुमारे 52 अंशांपर्यंत तो चहूबाजूंनी दाबलेला असतो. त्याखाली बाहेर फाकू पाहतो. ही ओढ काँक्रीटला सोसत नाही. तिथे सळयांचे कडे लागते, जशी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव. धाव नसली तर चाक उकलते.

आमच्या घुमटाच्या पायथ्याशी सळया मोजक्याच होत्या, त्याही गंजलेल्या. बांधकामाच्या वेळी “खाली एवढे लोखंड कशाला?” म्हणणाऱ्यांत मीही होतो. वाचलेल्या पैशांत आम्ही वरचा कळस घेतला होता.

दुरुस्ती होईपर्यंत जुम्म्याची नमाज अंगणात झाली. पायथ्याला नवे कडे बसले, मग भेगा भरल्या. ते कडे आता गिलाव्याखाली आहे. कुणाला दिसत नाही.

गावोगावी मंदिरांचे, मशिदींचे, सभागृहांचे घुमट उठत आहेत. श्रोतेहो, वर्गणी देताना रंग आणि कळस जरूर विचारा. पण त्याआधी पायथ्याच्या कड्यात सळया किती, हे विचारा. आणि ते एखाद्या जाणकार इंजिनिअरकडून तपासून घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)