रेंज आहे, बैठक आहे का?

उचगावात महामार्ग लगतच, गांधीनगरची बाजारपेठ शेजारी आणि शिवाजी विद्यापीठही जवळ. मोबाइलला रेंज मिळते, तेव्हा येथील मुले ऑनलाइन शिक्षणासाठी सिद्ध आहेत, असे पालक सहज म्हणून जातात. हा समज तपासून घ्यावा लागेल.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि महाविद्यालयांचे वर्ग पाहता पाहता पडद्यावर गेले. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात संगणक असलेली घरे अवघी 4.4 टक्के होती, इंटरनेटची सोय असलेली 14.9 टक्के. गगनबावडा, शाहूवाडीच्या डोंगराळ पट्ट्यात रेंजचाच प्रश्न. शहरालगतच्या गावांतली अडचण निराळी. घरात मोबाइल एकच आणि तो घेऊन वडील कामावर गेलेले. सायंकाळी तो घरी आला, की भावाचा वाटा आधी, बहिणीचा नंतर. रेंजच्या नकाशात मात्र ही मुलगी 'जोडलेली' असते!

पुढे मोबाइल हातोहाती आले. पण तासन्‌तास पडद्यावर बोट फिरवणारा विद्यार्थी चाळीस मिनिटांचे व्याख्यान सलग ऐकून त्याचे टिपण काढू शकतो का? एकलव्याचा दाखला आपण नेहमी देतो. गुरूची मूर्ती सर्वांना आठवते. सराव त्याचा त्यालाच करावा लागला, हे विसरले जाते.

वास्तविक दूरशिक्षण महाराष्ट्राला नवे नव्हते. 1989 मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने स्वयंअध्ययनाची पुस्तके मुद्दाम लिहवून घेतली, ठिकठिकाणी अभ्यासकेंद्रे उभारली. अंतर असले तरी विद्यार्थी एकटा पडू नये, ही त्यामागची योजना. 2020 मध्ये मात्र फळ्यासमोरचे व्याख्यानच कॅमेऱ्यासमोर नेले गेले. प्राध्यापकांना दोष देऊन चालणार नाही. तयारीला वेळ त्यांनाही मिळाला नव्हता.

टाळेबंदी उठली म्हणून हा विषय संपलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनी एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून पूर्ण करण्याची वाट मोकळी केली आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले; पुढे अन्य समाजांचीही निघाली. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागाच नसेल तर तो शिकणार कोठे, हे त्यांनी ओळखले होते. आज हवी आहे ती दोन तास निवांत बसण्याची जागा. शाळेची एखादी खोली सायंकाळी मिळाली, तेथे चार टेबले, वायफाय आणि शंका विचारता येईल असे एखादे निवृत्त गुरुजी असले, तरी पुष्कळ होईल. मुलींची वेळ मात्र आधी ठरवावी, मुलांची नंतर.