संचयिकेची वही
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'पैशाचं नियोजन' या विषयावर बोल, असं संयोजकांनी मला सांगितलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गुंतवणुकीची सल्लागार नाही. त्यामुळे म्युच्युअल फंडाची नावं लिहून घ्यायला कोणी पेन काढलं असेल, तर ते ठेवून द्या. मी आज माझी एक चूक सांगणार आहे.

आपल्या शाळेतली संचयिका आठवते? शनिवारी शाळा सुटली की टेबल मांडून आपली बँक भरायची. कुणाचा रुपया, कुणाचे आठ आणे. आठवीत मी तिची रोखपाल होते. एका शनिवारी दोन रुपये कमी भरले. मी घाबरून वही दप्तरात लपवली आणि पोटात दुखतंय म्हणून सोमवारी, मंगळवारी घरीच राहिले. बुधवारी बाईंनी शेजारी बसवून बेरीज करायला लावली. एकाचे दोन रुपये वहीत दोनदा लिहिले गेले होते. बाई एवढंच म्हणाल्या, "वही उघडली असतीस, तर पाच मिनिटांचं काम होतं."

हा धडा मी पुढे साफ विसरले.

२०२० साली मिस्टरांचा पगार निम्म्यावर आला. घराचा हप्ता चालूच होता. क्रेडिट कार्डावर बघता बघता १,८०,००० रुपये थकले. दिवसभर मी बँकांच्या व्यवहारांचा ताळमेळ घालणारे प्रोग्रॅम लिहायची आणि रात्री स्वतःचं स्टेटमेंट न उघडताच किमान रक्कम भरून मोकळी व्हायची. गणित सोपं होतं. महिना साडेतीन टक्के म्हणजे ६,३०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१३४ रुपये. मी भरायची ९,०००. मुद्दलातून कमी व्हायचे फक्त १,५६६. आणि त्याच वेळी माझी दोन लाखांची एफडी साडेपाच टक्क्यांनी पडून होती! पण एफडी मोडायची म्हणजे आपण हरलो, असं वाटायचं. मिस्टरांनाही मी थकबाकीचा पूर्ण आकडा सांगितला नव्हता.

एका महिन्यात किमान रक्कमही राहिली आणि वसुलीचा फोन नेमका आईसमोर आला. ती रागावली नाही. तिने विचारलं, "एफडी कशासाठी ठेवलीस?"

"अडचणीसाठी."

"मग ही काय आहे?"

मग तिने ट्रंकेतून तिची जुनी हिशेबाची वही काढली. बाबा एसटीत कंडक्टर होते, तुम्हाला माहीत आहेच. वहीत दूध, रेशन, भिशी यांच्याखाली दर महिन्याला एक ओळ होती: पतपेढी, कॉलेज फी. सलग सहा वर्षं. माझ्या इंजिनिअरिंगसाठी बाबांनी कर्ज काढलं होतं आणि मला ते चाळिशीत कळलं. 'पोरांसमोर पैशाचं बोलायचं नाही' हा आमच्या घरचा नियम होता. त्यांनी मायेपोटी लपवलं. मी मात्र त्यातून एवढंच शिकले, की अडचण ही लपवायची गोष्ट असते.

त्या रात्री मिस्टरांना आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी एफडी मोडून कार्ड फेडलं.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी चहा झाला की आम्ही तिघं वही घेऊन बसतो. किती आले, किती गेले, कुणाचं किती देणं आहे. सुरुवातीला भांडणं झाली. मुलीने विचारलं, "आपण गरीब झालोय का?" म्हटलं, "नाही गं, आपण मोजतोय." वहीच्या शेवटच्या पानावर कुठलं खातं कुठे आहे, विमा कोणता आणि नॉमिनी कोण, एवढं लिहून ठेवलंय. पैसा फार वाढला असं नाही. पण फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं, ते थांबलं.

आता एक शेवटचं. आजच्या मेळाव्याची वर्गणी २,००० रुपये होती. आपली एक मैत्रीण आज आलेली नाही. ग्रुपवर तिने 'घरी कार्य आहे' असं लिहिलं; मला फोनवर खरं कारण सांगितलं. तिला विचारूनच, नाव न घेता, हे बोलतेय. पुढच्या वेळी दारात एक बंद डबा ठेवूया. ज्याला जमेल तेवढं बिननावाच्या पाकिटात टाकावं. कुणी रिकामं पाकीट टाकलं तरी कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. संचयिकेत आठ आणेवालाही खातेदारच होता.

आणि या सभागृहात कुणाच्या दप्तरात अशी लपवलेली वही असेल, तर मला फोन करा. सल्ला देणार नाही. बाईंसारखी शेजारी बसेन आणि आपण दोघं मिळून बेरीज करू.