आजाराचं नाव छातीवर



मुख्याध्यापक सरांनी फोनवर सांगितलं होतं, गॅदरिंगला तुमच्या क्षेत्राविषयी बोला. मी पुण्यात पेशी तपासते. काचेच्या पट्टीवर पसरलेल्या हजारो पेशींतून बिघडलेली पेशी हुडकायची, हे माझं काम. त्याची चार पानं लिहून आणली आहेत. पण शाळेच्या फाटकातून आत आले, मैदान दिसलं आणि ती पानं पर्समध्येच राहिली.

पीटीचे सर इथं बसलेत. सर, तुम्ही आम्हाला शाळेपासून किल्ल्याच्या खंदकापर्यंत पळवत होतात. निम्म्या मुली अनवाणी. माझा नंबर कधीच आला नाही, पण शेवटची पोरगी येईपर्यंत तुम्ही शिट्टी हातात धरून उन्हात उभे असायचात. आणि इतिहासाच्या बाई! विजापूरची मुलुखमैदान तोफ इथून, आपल्या परंड्यातून गेली, हे सांगताना बाईंचा आवाज वर चढायचा. आजही परंड्यात पाहुणा आला की त्याला आधी तोफ ऐकावी लागते.

तोफेचं आपण गावभर सांगतो. घरातलं दुखणं मात्र कुजबुजतो. आज मला एवढंच बोलायचंय.

2015 साली माझ्या आईला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. त्याआधी वर्षभर तिच्या अंगावरून जात होतं. खुरपायला जायची, घरी यायची, कपडे अंधारात धुवायची. कुणाला बोलली नाही. लेक पुण्यात याच पेशी तपासते आणि आई परंड्यात गप्प! बार्शीला उपचार झाले. किरणांचा शेक घेऊन ती एसटीने परत यायची, आणि शेजारणींना सांगायची, 'गुडघ्याचं दाखवाया गेल्ते.'

2016च्या जानेवारीत मी मुंबई मॅरेथॉनमध्ये धावले. पूर्ण बेचाळीस किलोमीटर नाही; साधारण सहा किलोमीटरची ड्रीम रन असते, ती. तिथं लोक एखाद्या संस्थेसाठी ओळखीपाळखीतून पैसे जमवतात आणि धावतात. मी कर्करोगाच्या रुग्णांसाठी जमवले. छातीवर कागद लावला होता, 'आईसाठी'. वाटेत एक म्हातारे गृहस्थ बरोबरीनं चालायला लागले. विचारलं, 'काय झालंय आईला?' मी म्हटलं, 'बरं नसतं.' रोज दहा वेळा रिपोर्टवर लिहिते तो शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. आईच्या गप्प बसण्यावर मी किती चिडले होते! आणि त्या दिवशी मीही तेच केलं.

माझ्या उलट वागलेल्या लता करे तुम्हाला ठाऊक असतील. 2014 साली, साठी उलटलेल्या लताबाई बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून अनवाणी धावल्या. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते, बक्षीस पाच हजारांचं होतं. ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पुढे सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि 67व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. लोक त्यांच्या नऊवारीचं कौतुक करतात. मला वाटतं, त्या वयाच्या बाईला नवऱ्याच्या तपासणीसाठी शर्यत जिंकावी लागते, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे. पण त्यांनी घरातली अडचण चारचौघांत आणली, तिथं मी हात जोडते.

तसाच कॅनडात टेरी फॉक्स नावाचा पोरगा होता. कर्करोगानं उजवा पाय गेलेला. 1980 साली तो 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला, अर्ध्या चड्डीत, कृत्रिम पाय सगळ्यांना दिसेल असा.

मुलींनो, हे दूरचं वाटत असेल तर जवळचं सांगते. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांत 1987 पासून गावोगावच्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आपल्याच जिल्ह्यात, तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 बायकांचा एक मोठा अभ्यास झाला. ज्या गटात एचपीव्ही या विषाणूची तपासणी झाली, आयुष्यात फक्त एकदा, तिथं गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 साली ते अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्या जिल्ह्यातल्या खुरपणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या बायकांनी लाज बाजूला ठेवून नमुने दिले, तेव्हा जगातल्या डॉक्टरांना हे कळलं. मावशी, तुम्ही मान हलवताय. तुम्ही दिला होता? मग तोफेच्या आधी पाहुण्यांना हे सांगा.

आणि तिसऱ्या रांगेतल्या त्या काकू, तुम्ही पदर तोंडाला लावलात. इथं मुलं बसलीत म्हणून ना? मुलांनीच ऐकायचंय. अंगावरून जास्त जात असेल, पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल दिसत असेल, तर त्याच आठवड्यात दवाखाना. पोरांनो, आई सांगणार नाही, तुम्ही विचारा. वडिलांच्या तोंडात गुटख्याची जखम असेल, तर तेही विचारा. नाव घेऊन विचारा. 'तो आजार', 'मोठा आजार' असलं काही म्हणू नका. कर्करोग म्हणा, टीबी म्हणा. नऊ ते चौदा वयाच्या मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. तिचंही नाव घ्या, घरी मागा.

आई आज बरी आहे. गुडघे खरंच धरलेत आता, म्हणून आली नाही. निघताना मी विचारलं, 'तुझं सांगू का गं सगळ्यांपुढं?' ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, 'सांग की. बायांना तर आधी सांग.'

मुख्याध्यापक सर, माझं एक मागणं आहे. पुढच्या गॅदरिंगच्या आदल्या दिवशी शाळेपासून खंदकापर्यंत पुन्हा पळूया. ज्याच्या घरी जो आजार असेल, त्या माणसाला विचारून, आजाराचं नाव छातीवर लिहायचं. जमतील ते पैसे बार्शीला जाणाऱ्या रुग्णांच्या एसटीच्या तिकिटाला. पीटीचे सर, शिट्टी अजून आहे ना तुमच्याकडे? मी शेवटून येईन. तुम्हाला थांबावं लागेल.