वजनदार उमेदवार



निवडणूक जवळ आली की पेणच्या बाजारात काय आणि रोह्याच्या एस.टी. स्टँडवर काय, चर्चा एकाच गोष्टीची असते. यंदा तिकीट कुणाला? नाव कळलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, माणूस वजनदार आहे का? वजन म्हणजे पैसा, भावकी, गावोगावची माणसं आणि नाव. पक्षाच्या बैठकीतही हाच हिशेब चालतो, फक्त तिथं त्याला ‘निवडून येण्याची क्षमता’ म्हणतात. पण हे वजन उमेदवाराचं असतं, पक्षाचं असतं की त्या वेळेचं असतं? आपल्या रायगड जिल्ह्याच्या इतिहासात याचं उत्तर सापडतं.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१ च्या ऑक्टोबरपासून १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. लोकसभेसाठी काँग्रेसने इथं उभे केले चिंतामणराव देशमुख. त्यांचा जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा, आणि घर रोह्यात. मॅट्रिकला विद्यापीठात पहिले, केंब्रिजला शिकलेले, आय.सी.एस.च्या परीक्षेतही पहिले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. इंग्रज सरकारने त्यांना ‘सर’ केलं होतं. १९५० पासून ते पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते.

आता गंमत पाहा. काँग्रेस म्हणजे तुरुंगवास भोगलेल्यांचा, मिठाच्या आणि जंगलच्या सत्याग्रहात लाठ्या खाल्लेल्यांचा पक्ष. इथल्याच चिरनेरला १९३० साली जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच जिल्ह्यात पक्षाने तिकीट दिलं ते चळवळीत कधीच नसलेल्या, उलट सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या माणसाला. अर्थमंत्र्याला संसदेत बसवायचं तर सुरक्षित मतदारसंघ हवा, हा पक्षाचा हिशेब. आणि मतदारांच्या दृष्टीनं हा रोह्याच्या देशमुखांच्या घरातला मुलगा. म्हणायला दिल्लीचा, पण आपलाच.

त्या वेळी मतदान कसं व्हायचं, हे आजच्या तरुण श्रोत्यांना सांगायला हवं. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. आडोशाच्या मागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली असे आणि पेटीवर निवडणूक चिन्ह चिकटवलेलं असे. हातातली पत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकली की झालं मतदान. ज्याला अक्षर ओळखता येत नव्हतं, त्यालाही बैलजोडी ओळखता येत होती. म्हणजे चिंतामणरावांना पडलेलं मत रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरला किती आणि गांधी-नेहरूंच्या बैलजोडीला किती, हे वेगळं काढणं अशक्य होतं. ते निवडून आले. उमेदवाराचं वजन आणि पक्षाचं वजन एका पेटीत पडलं होतं.

पक्षाबाहेरची प्रतिष्ठा उसनी घेण्याची ही युक्ती जुनी आहे. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर न्यू यॉर्क राज्यात जॉर्ज क्लिंटन हे गव्हर्नरपदावर ठाण मांडून बसले होते. त्यांना हलवायला अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या गटाने १७८९ मध्ये चक्क क्लिंटन यांच्याच विचाराचे न्यायाधीश रॉबर्ट येट्स उभे केले. येट्स थोडक्यात हरले. १७९२ मध्ये त्याहून मोठं नाव काढलं, देशाचे सरन्यायाधीश जॉन जे. मतं पाहता जॉन जे पुढे होते, पण काही परगण्यांची मतं तांत्रिक कारणावरून बाद झाली आणि क्लिंटन १०८ मतांनी विजयी ठरले. गंमत पुढची आहे. १७९५ मध्ये जॉन जे इंग्लंडला तह करायला गेले होते, प्रचाराला घरी नव्हते, आणि तेव्हा मात्र निवडून आले!

पण बाहेरून आणलेलं वजन पक्षाच्या काट्यावर राहतंच असं नाही. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणारे लोक रस्त्यावर आले, मुंबई पेटली, गोळीबार झाले. चिंतामणरावांनी गोळीबाराची न्यायालयीन चौकशी मागितली, ती मिळाली नाही. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न करता जाहीर झाला, असा त्यांचा आक्षेप होता. जुलैमध्ये ते अर्थमंत्रिपदावरून पायउतार झाले आणि भर लोकसभेत त्यांनी त्याची कारणं सांगितली, पंतप्रधानांचं नाव घेऊन. कुलाब्यात काँग्रेसने ज्या माणसाचं वजन उसनं घेतलं होतं, त्याचाच ताठ कणा आता काँग्रेसला नडला.

१९५७ च्या निवडणुकीत हवा संयुक्त महाराष्ट्राची होती. कुलाब्याची जागा शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम राऊत यांनी घेतली. ना ते केंब्रिजचे, ना रिझर्व्ह बँकेचे. त्यांच्यामागे संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट होती, आणि इथल्याच चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं खोतांच्या जमिनी न कसता जो संप चालवला, त्या लढ्याची परंपरा होती. उमेदवार मोठा नसला तरी चालतं, पायाखालची जमीन पक्की हवी, हे इथं दिसलं.

याची उलट बाजू १९६९ मध्ये दिसली. राष्ट्रपतिपदासाठी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्याच चिंतामणरावांना उभं केलं. नाव तर पूर्वीपेक्षाही मोठं झालेलं, पण या वेळी मतदार होते आमदार-खासदार, आणि त्यांच्यात या पक्षांचं संख्याबळ तोकडं. समोर उमेदवार होते व्ही. व्ही. गिरी आणि संजीव रेड्डी. पहिल्या पसंतीच्या मतांचं मूल्य गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. माणूस तोच, वजन तेच, पण निकाल १९५२ च्या उलटा.

जवळचं उदाहरण हवं असेल तर २०१४ ची लोकसभा निवडणूक आठवा. रायगडमध्ये रोहा तालुक्यातल्या सुतारवाडीचे सुनील तटकरे शिवसेनेच्या अनंत गीते यांच्याकडून २,११० मतांनी हरले. त्याच यंत्रावर सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्षही होता आणि त्याने नऊ हजारांहून अधिक मतं घेतली. पाच वर्षांनी तटकरे त्याच गीतेंना हरवून लोकसभेत गेले. वर्षानुवर्षं बांधलेली माणसं आणि गावोगावची यंत्रणा एवढ्याशा गोष्टीने अडते आणि पुढच्या खेपेला पुन्हा चालते.

वजन तिकिटाशिवायही असतं, हेही आपल्याच मातीत दिसतं. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे चिंतामणरावांहून चार महिन्यांनी मोठे. १९५१ मध्ये, पक्ष उमेदवार शोधत होते तेव्हा, विनोबा पायी दिल्लीला निघाले, नियोजन मंडळाशी बोलायला. त्या मंडळाचे एक सदस्य चिंतामणरावच होते. विनोबांनी कधी कुणाकडे मत मागितलं नाही, तरी दिल्लीला त्यांचं ऐकून घ्यावं लागलं.

तेव्हा श्रोतेहो, तिकीट कुणाला, याची चर्चा जरूर करा. ‘निवडून येईल का’ हा पक्षाचा प्रश्न आहे आणि तो पक्षाने सोडवावा. मतदाराचा प्रश्न वेगळा असायला हवा. उद्या पक्षाचा निर्णय आपल्या मुळावर आला, तर हा माणूस चिंतामणरावांसारखा उठून उभा राहील का? ज्याच्याबद्दल याचं उत्तर ‘हो’ असं देता येईल, तो वजनदार उमेदवार. बाकीच्यांचं वजन पक्षानं आपल्या काट्यावर करावं.