घटस्फोटाच्या दाव्यांतील लेखी प्रश्न

घटस्फोटाचा दावा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें साक्षीदाराचा पिंजरा आणि वकिलांची उलटतपासणी येते. परंतु पोटगीचा प्रश्न पुष्कळदां त्यापूर्वींच, कागदांवर, सुटतो किंवा बिघडतो.

वीस वर्षें संसार केलेल्या गृहिणीस पतीचीं खातीं कोणत्या बँकांत आहेत, हेंही कित्येकदां ठाऊक नसतें. तिच्यासाठीं १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेंतील अकरावा आदेश मोलाचा आहे. न्यायालयाच्या परवानगीनें प्रतिपक्षास लेखी प्रश्न धाडतां येतात. उत्तर शपथपत्रावर, सामान्यतः दहा दिवसांत, द्यावें लागतें.

मात्र प्रश्न विचारणें हीही एक विद्या आहे. ‘तुमचें उत्पन्न किती?’ असें विचारलें तर ‘धंद्यांत मंदी आहे’ एवढेंच ऐकावयास मिळेल. ‘गेल्या तीन वर्षांत एकट्याच्या वा संयुक्त नांवें कोणकोणत्या बँकांत खातीं होतीं?’ या प्रश्नास तशी पळवाट नाहीं. आणि मग त्याच खात्यांचे उतारे हजर करण्याची मागणी करतां येते. सासूबाईंच्या स्वभावाची चौकशी येथें करूं नये. न्यायाधीश तो प्रश्न निःसंकोच गाळतील.

नागपूरहून आलेल्या एका पोटगीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दोन्ही पक्षांस आपली मालमत्ता व देणीं शपथेवर उघड करण्याचें बंधन घातलें. तेव्हां नोकरी करणाऱ्या पत्नीसही आपला पगार लपवितां येत नाहीं. उत्तर देण्याचा हुकूम मोडणाऱ्या वादीचा दावा फेटाळला जाऊं शकतो, आणि प्रतिवादीचा बचाव काढून टाकला जाऊं शकतो.