सर्व्हरची वीजबचत



परीक्षेच्या निकालादिवशी संकेतस्थळ कोलमडू नये, म्हणून सर्व्हरची क्षमता वाढविली जाते. इतर दिवशी ती पडून राहते. बारोसो व हॉल्झल या गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की, सर्व्हर बहुतांश वेळ १० ते ५० टक्के क्षमतेनेच चालतात आणि रिकामे असतानाही कमाल वापराच्या सुमारे निम्मी वीज घेतात.

यावर दोन उपाय आहेत. भार कमी असताना प्रोसेसरचे व्होल्टेज व फ्रिक्वेन्सी उतरविणे, हा पहिला. कारण व्होल्टेज घटताच वीजवापर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. विरळ कामे मोजक्या सर्व्हरवर एकत्र आणून उरलेले बंद करणे, हा दुसरा.

मात्र बचतीपायी प्रतिसाद मंदावला, तर ताटकळतो तो सामान्य नागरिकच. म्हणून गर्दीच्या दिवसाचे मोजमाप आधी व्हावे, बचत त्यानंतर.